हेगमन ७ येतो, तरी ग्रे रब-आउटला नापास का होतो?

आधी प्रश्न थोडक्यात. सॉल्व्हंट-बेस टू-पॅक पीयू (वापरताना हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन) ग्रे टॉपकोट, म्हणजे सगळ्यात वरचा रंग, आहे. १०० ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडला ५ ग्रॅम कार्बन ब्लॅक, दोन्ही एकत्रच बीड मिलमध्ये, म्हणजे बारीक मण्यांनी दळणाऱ्या गिरणीत, जातात. पिगमेंटचे कण सुटे ठेवणारा डिस्पर्सिंग अ‍ॅडिटिव्ह फॉस्फेट प्रकारचा, आम्लधर्मी, ५० टक्के अ‍ॅक्टिव्ह, आणि डोस एकूण पिगमेंटवर १ टक्का; ५० टक्के अ‍ॅक्टिव्ह म्हणजे त्यात कामाचा भाग निम्माच. हेगमन गेजवर, म्हणजे दळणाचा बारीकपणा मोजणाऱ्या खाचेच्या गेजवर, ७ मिळतो. पण ओली फिल्म बोटाने चोळली (हीच रब-आउट चाचणी) की तेवढा भाग गडद होतो, रंग दोन आठवडे ठेवून मग मारला तर २० अंशांच्या कोनात मोजलेला ग्लॉस, म्हणजे चमक, कमी होतो, आणि डोस २ टक्के केला तरी फरक दिसत नाही. अ‍ॅडिटिव्ह बदलायचा का, किती घालायचा, केव्हा घालायचा, आणि ड्रममध्ये पडून असलेली बॅच वाचेल का?

तुमचं पांढरं ठीक आहे. काळं उघडलं, म्हणजे त्याचे गठ्ठे फुटून कण सुटे झाले खरे, पण उघडलेलं टिकत नाही. खाली जे लिहितो आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

हेगमनवर फार भिस्त ठेवू नका. गेजवरचा ७ म्हणजे साधारण साडेबारा मायक्रॉन. टायटॅनियम डायऑक्साइडचा कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा, आणि कार्बन ब्लॅकचा मूळ कण त्याहूनही कितीतरी बारीक, दहा ते शंभर नॅनोमीटरच्या घरातला. म्हणजे गेज तुम्हाला इतकंच सांगतो की साडेबारा मायक्रॉनहून मोठा गठ्ठा फारसा उरलेला नाही. त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की सैल जमलेले पुंजके गेजवर पट्टी ओढतानाच्या घर्षणाने सुटतात. पट्टी ओढली, बारीक दिसलं, बॅच पास झाली. डब्यात मात्र तेच कण पुन्हा एकमेकांना चिकटून बसले. ग्राइंडिंग पुरेसं झालं का, एवढ्याचसाठी गेज वापरा. डिस्पर्शन टिकलं का, हे त्याला विचारू नका.

पिगमेंट रंगात उतरताना तीन गोष्टी घडतात. पहिली वेटिंग: कणांच्या गठ्ठ्यातली हवा आणि ओलावा बाहेर जाऊन तिथे सॉल्व्हंट-रेझिन शिरतं. दुसरी, यांत्रिक ताकदीने गठ्ठे फोडणं. तिसरी, फुटलेले कण पुन्हा जवळ येऊ न देणं. मिल फक्त दुसरं काम करते. पहिलं आणि तिसरं अ‍ॅडिटिव्हचं आहे, आणि बहुतेक तक्रारी तिसऱ्यातच निघतात.

वेटिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो इथेच काढून टाकू. पृष्ठताण कमी केला की वेटिंग सुधारतं असं समजून मिलबेसमध्ये (दळायच्या पिगमेंट-पेस्टमध्ये) सिलिकोन टाकणारे लोक मी बघितले आहेत. बारीक फटीत द्रव किती वेगाने शिरतो याचं समीकरण वॉशबर्नने १९२१ मध्ये मांडलं. त्यात पृष्ठताण आणि संपर्ककोनाची कोसाइन यांचा गुणाकार वर आहे आणि व्हिस्कॉसिटी खाली आहे. म्हणजे नुसता पृष्ठताण उतरवून शिरण्याचा वेग वाढत नाही. संपर्ककोन कमी व्हायला हवा आणि द्रव पातळ हवा. वेटिंग अ‍ॅडिटिव्ह पिगमेंट आणि द्रव यांच्या सीमेवर बसून तो कोन कमी करतो. सिलिकोन बसतं द्रव आणि हवेच्या सीमेवर. ते लेव्हलिंगचं, सब्स्ट्रेट वेटिंगचं औषध आहे. पिगमेंटला त्याचा उपयोग नाही, उलट क्रेटरिंगचा, म्हणजे फिल्मवर खळगे पडण्याचा, धोका तेवढा वाढतो. सॉल्व्हंट-बेस सिस्टिममध्ये सॉल्व्हंटचा पृष्ठताण तसाही २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे पाण्याच्या रंगात वेटिंगचा जेवढा त्रास होतो तेवढा इथे होत नाही.

इथे खरा कस स्थिरीकरणात लागतो. पाण्यात कणांवर सारखा विद्युतभार ठेवून त्यांना दूर ठेवता येतं. झायलीन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांच्यासारख्या कमी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या सॉल्व्हंटमध्ये तो भार फारसा कामाचा नसतो. तिथे स्टेरिक मार्गच धरावा लागतो: कणाच्या पृष्ठभागावर पॉलिमरच्या साखळ्यांचा पाच-दहा नॅनोमीटर जाडीचा थर बसवायचा, म्हणजे दोन कण जवळ आले तरी त्या साखळ्या एकमेकांत घुसायला तयार नसतात आणि कण मागे ढकलले जातात. त्यासाठी अ‍ॅडिटिव्हच्या रेणूला दोन वेगळी अंगं लागतात. एक पिगमेंटला घट्ट पकडणारं, ज्याला आपण अँकर म्हणतो. दुसरं सॉल्व्हंट-रेझिनमध्ये मोकळं पसरणारं. अँकर सुटला तर संपलं. साखळी रेझिनशी जमली नाही तर ती आखडून कणावर चिकटते आणि थर राहतच नाही.

आता तुमच्या फॉस्फेट अ‍ॅडिटिव्हकडे येऊ. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिना-सिलिकाची प्रक्रिया केलेली असते. तिथे आम्लधर्मी अँकर, म्हणजे फॉस्फेट किंवा कार्बॉक्सिल, मजबूत बसतो. आयर्न ऑक्साइडलाही तो चालतो. कार्बन ब्लॅकचं तसं नाही. त्याच्या पृष्ठभागावर असलेच तर आम्लधर्मी गट असतात, विशेषतः ऑक्सिडाइज केलेल्या ग्रेडमध्ये. आम्लाला आम्ल धरत नाही. काळ्याला अमाइन अँकर लागतो, आणि तोही एक-दोन गटांचा नव्हे. एकाच रेणूवर अनेक अँकर असलेला उच्च रेणुभाराचा पॉलिमरिक डिस्पर्संट लागतो. पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅक्रिलेट कणा असलेले असे डिस्पर्संट याच कामासाठी बनवतात. एक गट सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, म्हणून साठवणुकीत तो टिकतो. लेसिथिन किंवा फॅटी अ‍ॅसिडसारखे छोटे रेणू पांढऱ्याला आणि फिलरला स्वस्तात काम देतात. काळ्याला आणि ऑरगॅनिक पिगमेंटला ते पुरे पडत नाहीत, कारण तिथे पृष्ठभाग प्रचंड असतो आणि पकड कमजोर. थॅलो ब्लूसारख्या पिगमेंटला तर बऱ्याचदा पॉलिमरिक डिस्पर्संटसोबत सिनर्जिस्टही द्यावा लागतो. तो पिगमेंटचाच सल्फोनेटेड भाऊबंद असतो. सपाट बाजूने पिगमेंटवर बसतो आणि डिस्पर्संटला धरायला जागा करून देतो. त्याचा स्वतःचा रंग निळा असतो, त्यामुळे तो पांढऱ्यात किंवा पिवळ्यात वापरायचा नाही. काळ्यात मात्र बिनधास्त चालतो.

आता डोस. तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. ‘एकूण पिगमेंटवर १ टक्का’ हा हिशेब सवयीने चालत आला आहे आणि तो मिश्र रंगात हमखास फसवतो, कारण अ‍ॅडिटिव्ह वजनावर बसत नाही, पृष्ठभागावर बसतो. पिगमेंटच्या डेटाशीटवर बीईटी पृष्ठभाग, म्हणजे एका ग्रॅममधल्या कणांचं एकूण क्षेत्रफळ, दिलेला असतो. सुरुवातीचा अंदाज म्हणून मी दर चौरस मीटरला २ मिलिग्रॅम अ‍ॅक्टिव्ह धरतो.

तुमच्या पांढऱ्याचा बीईटी १४ चौरस मीटर प्रति ग्रॅम धरू. १०० ग्रॅमचे झाले १४०० चौरस मीटर, म्हणजे २.८ ग्रॅम अ‍ॅक्टिव्ह. तुमचा ब्लॅक मध्यम बारीक, २०० चौरस मीटर प्रति ग्रॅमचा धरू. पाचच ग्रॅम आहे, पण पृष्ठभाग झाला १००० चौरस मीटर, म्हणजे २ ग्रॅम अ‍ॅक्टिव्ह. शंभर ग्रॅम पांढरं जेवढं मागतं त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त हे पाच ग्रॅम काळं मागतं. दोन्ही मिळून ४.८ ग्रॅम. तुम्ही १०५ ग्रॅम पिगमेंटवर १ टक्का, म्हणजे १.०५ ग्रॅम माल घातला. तो ५० टक्के अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पडले जेमतेम अर्धा ग्रॅम. २ टक्के केल्यावर एक ग्रॅमच्या थोडं वर. तोही सगळा पांढऱ्याच्या ओढीचा. काळ्याच्या वाट्याला काय आलं? जवळपास काहीच नाही. म्हणून डोस दुप्पट करूनही रब-आउट हलला नाही.

याच हिशेबाने टक्केवारीचे ढोबळ पट्टे समजतात: पांढऱ्याला १ ते ३ टक्के, बाकी इनऑरगॅनिक पिगमेंटला ५ ते १० च्या आसपास, ऑरगॅनिकला १५ ते ३० आणि कधी त्याहूनही वर, आणि काळ्याला २० पासून थेट १०० टक्क्यांपर्यंत. सगळं अ‍ॅक्टिव्ह, आणि त्या त्या पिगमेंटच्या वजनावर. काळ्याला ४० टक्के डिस्पर्संट म्हटल्यावर खरेदीवाले दचकतात. पण पूर्ण फॉर्म्युलात काळं किती आहे ते बघा. ते पाच ग्रॅम आहे, आणि ते नीट उघडलं तर तितक्याच गडद शेडला कमी काळं लागतं.

हा आकडा अंदाज आहे, अंतिम डोस नाही. अंतिम डोस लॅडरवरूनच, म्हणजे पायरीपायरीने डोस वाढवून बघूनच, काढायचा, त्याला दुसरा मार्ग नाही. एकाच काळ्याचे, एकाच रेझिनचे पाच छोटे मिलबेस करा: काळ्यावर २०, ३०, ४०, ५०, ६० टक्के अ‍ॅक्टिव्ह. सॉल्व्हंटने एकूण वजन सारखं ठेवा. सारखेच बीड, सारखीच वेळ, शेकरवर. दुसऱ्या दिवशी व्हिस्कॉसिटी घ्या. मग प्रत्येकातून काळ्याचं सारखं वजन येईल इतका मिलबेस एकाच चांगल्या पांढऱ्या पेस्टमध्ये मिसळा, कार्डावर शेजारी शेजारी ड्रॉडाउन (पट्टीने ओढलेल्या सारख्या जाडीच्या फिल्म) काढा आणि थोडं सेट झालं की एका कोपऱ्यात चोळा. २० टक्क्यांचा ग्रे फिका दिसेल आणि चोळल्यावर लख्खपणे गडद होईल. पुढे पुढे ग्रे स्वतःच गडद होत जाईल आणि चोळलेल्या-न चोळलेल्यातला फरक कमी होत जाईल. ज्या पायरीनंतर गडदपणा वाढायचा थांबतो तिथे थांबा. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर चोळलेल्या भागाचा डेल्टा ई (रंगातल्या फरकाचा आकडा) अर्ध्याच्या आत आणायचा असं मी धरतो. डोळ्याला त्यानंतर फारसं दिसत नाही.

रब-आउटच्या दिशेकडे नीट बघा. चोळल्यावर गडद होतं तर काळं जमलेलं होतं, बोटाच्या घर्षणाने ते सुटलं. चोळल्यावर फिकं होतं तर उलट: पांढरं जमलेलं आहे, आणि तेव्हा काळ्याचा डिस्पर्संट वाढवून काही साधणार नाही. काही वेळा दोन्ही उत्तम डिस्पर्स झालेले असतात, तरी हलका बारीक कण आणि जड मोठा कण सॉल्व्हंट उडताना वेगळे होतात. सगळा पृष्ठभाग एकसारखा वेगळ्या शेडचा दिसला तर ते फ्लडिंग. षटकोनी ठिपके-रेषा दिसल्या तर फ्लोटिंग, आणि त्यामागे ओल्या फिल्ममधले बेनार्ड प्रवाह असतात. फ्लोटिंगला सॉल्व्हंटचं मिश्रण आणि फिल्मची जाडीही जबाबदार असते. ओळखायचं कसं? काळ्याचा मिलबेस एकटा, सॉल्व्हंट-रेझिनमध्ये पातळ करून काचेवर ओता आणि उजेडासमोर धरा. फिल्म एकसारखी, पारदर्शक असेल तर काळं निर्दोष आहे. ढगाळ, दाणेदार दिसली तर दोष तिथेच आहे.

इथे नियंत्रित फ्लॉक्युलेशनच्या अ‍ॅडिटिव्हचा विषय निघतोच. हे अ‍ॅडिटिव्ह कणांना अ‍ॅडिटिव्हच्या पुलांनी सैल जोडून ठेवतात, त्यामुळे काळं-पांढरं एकत्र राहतं, फ्लोटिंग थांबतं आणि सेटलिंग मऊ होतं. प्रायमर, मिड-कोट, फिलरचा भरणा असलेला रंग यांत मी ते आवर्जून वापरतो. हाय-ग्लॉस टॉपकोटमध्ये वापरत नाही, कारण तिथे ते ग्लॉस खातं आणि काळ्याची ताकद वाया घालवतं. तुमचा टॉपकोट आहे. तुम्हाला डीफ्लॉक्युलेटिंगच, म्हणजे कण सुटे ठेवणाराच, हवा.

तर फॉस्फेटवाला काढून टाकायचा का? नाही, तो पांढऱ्यासाठी राहू द्या, डोस नीट करा. काळं मात्र वेगळं काढा. पांढऱ्याला हाय-स्पीड डिस्पर्सरच पुरतो; डिस्कचा व्यास भांड्याच्या साधारण एक तृतीयांश, टिप स्पीड सेकंदाला १८ ते २५ मीटर, पिगमेंट ६५-७० टक्के, आणि मध्ये पेस्टचा छान डोनटसारखा गोल फिरताना दिसला पाहिजे. काळ्याला बीड मिल, बारीक बीड, आणि १५ टक्क्यांच्या आसपासच पिगमेंट. दोघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एकत्र दळताना एकाची तरी उपेक्षा होतेच, आणि ती नेहमी काळ्याची होते. आम्लधर्मी आणि अमाइन अ‍ॅडिटिव्ह एकाच भांड्यात आले की ते एकमेकांशी क्षार बनवून बसतात, हेही वेगळं दळायचं कारण आहे. वेगळ्या मिलबेसमध्ये दोन्ही आपापल्या पिगमेंटवर आधीच बसलेले असतात. तरी लेट-डाउननंतरची, म्हणजे मिलबेसमध्ये उरलेलं रेझिन मिसळल्यानंतरची, व्हिस्कॉसिटी तपासाच.

केव्हा घालायचा, याचं उत्तर एका वाक्यात आहे: पिगमेंटच्या आधी. सॉल्व्हंट, थोडं रेझिन, डिस्पर्संट, नीट ढवळून एकजीव, आणि मग पिगमेंट. रेझिन आणि डिस्पर्संट एकाच पृष्ठभागासाठी स्पर्धा करतात. मिलबेसमध्ये आधीच भरपूर रेझिन ओतलं तर कणावरची जागा ते बळकावतं आणि डिस्पर्संट मोकळा फिरत राहतो. म्हणून काळ्याच्या मिलबेसमध्ये रेझिन बेताचंच ठेवा. बॅच बिघडल्यावर वरून डिस्पर्संट ओतण्याची सवयही याच कारणाने निरुपयोगी आहे. मोकळा राहिलेला डिस्पर्संट फिल्ममध्ये जाऊन बसतो. फिल्म मऊ पडते, पाण्याला नाजूक होते आणि कधी फिल्मची पृष्ठभागावरची पकडही घटते.

लेट-डाउनला घाई करू नका. उत्तम दळलेला मिलबेस याच टप्प्यावर खराब होताना मी सगळ्यात जास्त बघितला आहे. कमी रेझिनचा मिलबेस घट्ट रेझिनमध्ये एकदम ओतला, तर मिलबेसमधलं सॉल्व्हंट रेझिनकडे झपाट्याने पळतं, कण तिथल्या तिथे दाटतात आणि जमतात. उलट, मिलबेसमध्ये निव्वळ सॉल्व्हंट एकदम ओतलं तर कणावरचा थरच सुटायला लागतो. मिलबेस फिरता ठेवा आणि रेझिन त्यात बारीक धारेने सोडा. रेझिनचा पहिला हप्ता शक्य असेल तर मिलमधून काढण्याआधीच द्या. त्याने मिलही धुतली जाते आणि पेस्टही स्थिर होते.

डिस्पर्संट निवडताना साखळीची रेझिनशी जमते का, ते पिगमेंटशिवाय पाच मिनिटांत कळतं. तुमच्या रेझिनमध्ये, घनांशावर, ५ टक्के अ‍ॅक्टिव्ह मिसळून काचेवर फिल्म काढा आणि वाळू द्या. धुरकट झाली तर तो डिस्पर्संट तुमच्या सिस्टिमचा नाही, भले काळ्याला त्याने कितीही छान धरलं असो. ओली फिल्म स्वच्छ आणि वाळल्यावर धुरकट, असंही होतं. म्हणून वाळेपर्यंत थांबा.

तुमची सिस्टिम टू-पॅक पीयू असल्यामुळे अमाइन अँकरबद्दल एक सावधगिरी सांगतो. तृतीयक अमाइन आयसोसायनेटच्या अभिक्रियेला वेग देतो, त्यामुळे पॉट-लाइफ (हार्डनर मिसळल्यावर रंग वापरता येण्याचा वेळ) जुन्या फॉर्म्युलाशी पडताळून बघा. काळं थोडं आहे आणि बराचसा अमाइन पिगमेंटवर अडकलेला असतो, त्यामुळे फरक किरकोळ निघण्याचीच शक्यता आहे. पण तपासल्याशिवाय सोडू नका. हाच डिस्पर्संट पुढे आम्ल-उत्प्रेरित स्टोव्हिंग एनॅमलमध्ये (भट्टीत भाजून पक्क्या होणाऱ्या रंगात) नेलात तर अमाइन उत्प्रेरकाचं आम्ल मारतो आणि फिल्म कच्ची राहते. तिथे एमईके रब टेस्ट करा, म्हणजे एमईके सॉल्व्हंटने फिल्म घासून बघा. हवेत वाळणाऱ्या अल्किडमध्ये अडचण वेगळी आहे: उघडलेला कार्बन ब्लॅक कोबाल्ट ड्रायर शोषून घेतो आणि पहिल्या दिवशी वेळेत वाळणारा रंग काही आठवड्यांनी ओलाच राहतो.

नवा फॉर्म्युला पक्का करण्याआधी डबा ५० अंश सेल्सिअसला दोन ते चार आठवडे ठेवा. बाहेर काढून व्हिस्कॉसिटी, २० अंशांचा ग्लॉस, हेझ (चमकेतला धूसरपणा) आणि रब-आउट, चारही बघा. ताज्या रंगात पास आणि ओव्हननंतर नापास झाला तर अँकर सुटतो आहे. डोस वाढवत बसण्यापेक्षा डिस्पर्संटच बदला.

राहिली ड्रममधली बॅच. वरून अमाइन डिस्पर्संट घालून ढवळल्याने ती सुधारणार नाही, कारण जमलेल्या पुंजक्यांच्या आत तो पोचतच नाही आणि पांढऱ्यावर फॉस्फेट आधीच बसलेलं आहे. काळ्याच्या पृष्ठभागाला पुरेल इतका डिस्पर्संट घालून तीच बॅच बीड मिलमधून पुन्हा काढली तर काही प्रमाणात सावरते, कारण पुंजके सुटत असतानाच तो समोर असतो. आधी अर्धा लिटरवर शेकरमध्ये करून बघा. पूर्ण रेझिन पडलेलं असल्यामुळे स्पर्धा असतेच, त्यामुळे ताज्या फॉर्म्युलाइतका रब-आउट मिळणार नाही, आणि शेड गडद होणार हे धरून पांढरा मिलबेस हाताशी ठेवा. सावरला नाही तर नव्या पद्धतीने केलेल्या अधिक गडद ग्रेमध्ये ५ ते १० टक्क्यांनी खपवत जा, प्रत्येक बॅचचा रब-आउट बघून. आणि सुधारलेला असो वा नसो, हा माल टू-पॅक म्हणून बाहेर जाण्याआधी हार्डनर घालून फिल्मची पकड आणि कडकपणा तपासा, कारण त्यात मोकळा डिस्पर्संट नक्की उरलेला असतो.